ताप-खोकल्यानंतरचा टू-डी इको: कधी करायचा, सोबत काय न्यायचं, रिपोर्ट कुठून वाचायचा

"डॉक्टर, पंपिंग साठच टक्के आलंय. म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलं का?"

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा तिरका फोटो आणि खाली हा प्रश्न. साठ टक्के म्हणजे उत्तम पंपिंग, पण त्या घरात त्या रात्री कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्याच आठवड्यात याच्या उलटही पाहिलं. न्यूमोनियाच्या एका पेशंटच्या नातेवाइकांनी 'ईएफ ६०', म्हणजे पंपिंग साठ टक्के, एवढंच वाचून निश्चिंतपणे फाइल मिटली होती. त्याच पानावर दोन ओळी खाली उजवा कप्पा फुगल्याचं लिहिलं होतं, आणि दम त्यामुळेच लागत होता.

फ्लू, कोविड किंवा तशाच श्वसनाच्या व्हायरल आजारात इको करताना आणि वाचताना चुका होतात त्या जवळजवळ ठरलेल्या आहेत. म्हणून इथे क्रमाने सांगतो. वाचक पेशंटच्या घरचे आहेत असं धरलंय, पण फॅमिली डॉक्टरांनाही काही ओळी उपयोगी पडतील.

१. आधी ठरवा: इको हवाय कशासाठी?

साधा ताप-खोकला झाला, चार-पाच दिवसांत उतरला, आता जिना चढता येतोय, जेवण जातंय. अशा माणसाला 'एकदा हार्ट बघून घेऊ' म्हणून इको करायची गरज नसते. केला तर बहुतेक वेळा एखादी बिनमहत्त्वाची ओळ हाती लागते आणि तिच्यामागे पुढच्या चार तपासण्या.

इको खरोखर लागतो तो असा:

- छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडले, किंवा बीपी खाली जातंय
- एक्स-रेमध्ये फुप्फुसं जेवढी बिघडलेली दिसतात त्या मानाने दम फारच जास्त आहे
- ऑक्सिजन स्थिर होता आणि अचानक घसरला
- ईसीजी बदललाय किंवा रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) वाढलंय
- पाय सुजलेत, आडवं झाल्यावर श्वास कोंडतोय
- हृदयाचा जुना आजार आहे आणि या तापाने तब्येत बिघडलीय

नुसती धडधड असेल तर आधी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. आजारातून उठल्यावर काही दिवस नाडी जलद राहते, आणि इकोमध्ये त्याचं कारण क्वचितच सापडतं.

थांबा: तापाच्या पहिल्या आठवड्यात छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, घाम फुटत असेल, तर इकोची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि ईसीजी काढा. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या पेशंटांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लॅबमध्ये फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहा पट आढळलं होतं. 'तापामुळे अंग दुखतंय' म्हणत वाट बघण्याचा हा आठवडा नव्हे.

२. वेळ निवडा

पेशंट ॲडमिट आहे आणि इकोच्या उत्तरावर आजचे उपचार ठरणार आहेत, तर इको आजच, ताप असला तरी. बाहेरून चालत येणाऱ्या पेशंटचं तसं नाही. अंगात १०२ ताप आणि नाडी १२५ असताना केलेल्या इकोत हृदय धावपळीत सापडतं. पंपिंग खोटंच वाढलेलं दिसू शकतं, आणि हृदय सैलावताना रक्त कसं भरतं हे मोजणाऱ्या दोन लहरी एकमेकींत मिसळून जातात, मग मोजायचं काय? घाई नसेल तर ताप उतरू द्या, नाडी शंभराच्या खाली येऊ द्या.

३. तयारी: फाइल, गोळ्या, कपडे

छातीवरून करायच्या साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही. तरी रोज कुणीतरी मधुमेही आजोबा सकाळपासून चहासुद्धा न घेता, थरथरत येतातच. उपाशी राहायचं ते घशातून नळी घालून करतात त्या इकोला, आणि तो वेगळा सांगितला जातो. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. 'तपासणी आहे म्हणून गोळी घेतली नाही' ही दुसरी ठरलेली चूक. बीपी १८० असताना मोजलेलं हृदय त्या पेशंटचं रोजचं हृदय नसतं.

सोबत न्यायचं: ईसीजी, ट्रोपोनिन आणि डी-डायमरचे (गुठळीचा संशय तपासणारी रक्ताची तपासणी) रिपोर्ट, छातीचा एक्स-रे किंवा सीटी, चालू गोळ्यांची यादी, उंची-वजन. आणि सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे जुना इको, पाच वर्षांपूर्वीचा असला तरी. आज दिसलेला दोष या तापाचा की आधीचाच, हे त्याच्याशिवाय सांगणं अवघड जातं. लोक हा कागद बरोबर लॉफ्टवरच्या बॅगेत ठेवून येतात.

पुढून उघडणारा शर्ट किंवा कुर्ता घाला, छातीला तेल-मलम चोळू नका. बायकांनी सोबत बाई असावी असं निःसंकोच सांगावं. खोलीत 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड बघून काही जणी गोंधळतात. यंत्र सोनोग्राफीच्याच जातीचं आहे, म्हणून तो बोर्ड इथेही लागतो.

खोकला अजून असेल तर आधी फोन करा. अशा पेशंटला शेवटी घेतात, प्रोब (छातीवर फिरवायचा यंत्राचा दांडा) पुसून निर्जंतुक करावा लागतो, आणि बाहेर बाकावर बायपासवाले आजोबा बसलेले असतात. मास्क लावून या.

तपासा: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'टू-डी इको' लिहिलंय का? असेल तर परत जाऊन एक ओळ वाढवून आणा. 'फ्लूचा आठवा दिवस, ४ लिटर ऑक्सिजनवर, ट्रोपोनिन वाढलेलं, उजवी बाजू बघावी' अशा चिठ्ठीवर होणारा इको आणि कोऱ्या चिठ्ठीवर होणारा इको यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रश्न माहीत असला की हात त्या ठिकाणी थांबतो.

४. टेबलावर

डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि मधलं फुप्फुस थोडं बाजूला सरतं. हवेतून सोनोग्राफीच्या लहरी जात नाहीत, सगळी लढाई त्या हवेशी असते. म्हणून 'श्वास सोडा, आता धरा' असं सांगतात. श्वास भरून धरला की चित्र जातं, आणि दहातले सहा जण भरूनच धरतात.

आडवं झाल्यावर दम लागत असेल तर तसं बोला. टेबलाची डोक्याकडची बाजू उचलता येते. दम्याच्या, बिडी ओढणाऱ्या, किंवा व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा फासळ्यांमधून नीट दिसत नाही. तेव्हा गुडघे दुमडायला लावून छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाला प्रोब दाबून बघतात. तिथे जरा दाब लागतो, इजा होत नाही.

आयसीयूत यंत्र बेडपाशी येतं, पेशंट वळत नाही, वायर-नळ्या मध्ये येतात. तिथला इको थोडक्या प्रश्नांसाठी असतो: उजवी बाजू फुगली का, डावी पिळतेय का, भोवती पाणी आहे का. त्यात झडपांची बारकाईची मोजमापं शोधू नका.

५. रिपोर्ट वाचायचा क्रम

चुका मुख्यतः इथेच होतात, म्हणून जरा थांबतो.

५.१ आकड्यांआधी वरचं वाचा. तारीख, त्या वेळची नाडी, बीपी, ऑक्सिजन. 'पुअर विंडो' किंवा 'टेक्निकली डिफिकल्ट', म्हणजे चित्र नीट मिळालं नाही, असे शब्द आहेत का? असतील तर खालचा प्रत्येक आकडा पेन्सिलीने लिहिलाय असं समजा. नाडी-बीपी लिहिलेलंच नसेल तर तिथेच विचारून पेनाने लिहून घ्या. सहा महिन्यांनी ती ओळ सोन्याची होते.

५.२ मग उजवी बाजू. सगळे पंपिंगकडे धावतात. या आजारात मी आधी उजवीकडे बघायला सांगतो. फुप्फुसाचा जो भाग बिघडलेला असतो तिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यातच कुठे गुठळी झाली, किंवा व्हेंटिलेटरचा दाब आला, की पुढे रक्त ढकलणं जड जातं. हे ओझं येतं उजव्या खालच्या कप्प्यावर, आणि त्याची भिंत पातळ असते. ती चटकन ताणते.

तेल अवीवच्या डॉक्टरांनी २०२० साली कोविडने ॲडमिट झालेल्या लागोपाठच्या १०० पेशंटांचा इको केला. ३२ जणांचा नॉर्मल होता. सगळ्यांत जास्त, म्हणजे ३९ जणांत, दोष उजव्या कप्प्याचा निघाला. डावं पंपिंग कमी झालेले फक्त १० होते. त्याच वर्षी ६९ देशांतल्या १२१६ पेशंटांची पाहणी झाली. तिच्यात ५५ टक्के इको बिघडलेले आले आणि सुमारे एक तृतीयांश पेशंटांचे उपचार इकोमुळे बदलले. पण ते इको संशय आला म्हणून केलेले होते. दोन्हीकडचे लोक हॉस्पिटलातले. घरी काढा पिऊन बरे झालेल्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

रिपोर्टमध्ये या चार गोष्टी शोधा:

- *आरव्ही साइज.* आरव्ही म्हणजे उजवा खालचा कप्पा. चार कप्प्यांच्या चित्रात उजवा कप्पा डाव्याच्या दोन तृतीयांशाहून मोठा नसावा. तळाशी ४१ मिलिमीटरपर्यंत ठीक.
- *टॅप्सी.* उजवा कप्पा आकुंचन पावताना किती खाली सरकतो, ते मिलिमीटरमध्ये. १७च्या खाली कमी. मात्र हे फक्त उभ्या दिशेचं माप आहे, कप्पा फुगलेला असूनही टॅप्सी बरा येऊ शकतो. एकट्या टॅप्सीवर निर्णय नको.
- *सेप्टम.* म्हणजे दोन कप्प्यांमधली भिंत. 'डी शेप' किंवा 'फ्लॅटनिंग' असं लिहिलं असेल तर उजवीकडचा ताण मधल्या भिंतीला डावीकडे ढकलतोय.
- *टीआर व्हेलॉसिटी आणि आरव्हीएसपी.* टीआर म्हणजे उजव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून मागे होणारी गळती, आरव्हीएसपी म्हणजे उजव्या खालच्या कप्प्यातला दाब. गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर गेला की फुप्फुसातला दाब वाढल्याचा संशय येतो. हिशेब सोपा आहे: वेगाचा वर्ग गुणिले ४, अधिक उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब. वेग ३ असेल तर ३६, त्यात ८ मिळवले की ४४. तो ८ अंदाजाचा असतो, म्हणून ४४ आणि ४८ यांत फरक करत बसू नका.

इथे एक बारकावा. सवय नसलेला उजवा कप्पा आठवड्याभरात फार मोठा दाब निर्माण करू शकत नाही, त्याआधीच तो थकतो. तेव्हा आरव्हीएसपी ७५ आणि उजवी भिंत ५ मिलिमीटरहून जाड असेल तर ते दुखणं या तापाचं नाही, जुनं आहे. आमच्याकडे असा रिपोर्ट बऱ्याचदा अशा मावशींचा निघतो ज्यांनी आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली. ताप फक्त निमित्त झालेला असतो.

थांबा: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये पोटातली मोठी नीला, म्हणजे आयव्हीसी, रुंद दिसतेच. 'आयव्हीसी डायलेटेड' एवढ्यावरून पाणी जास्त झाल्याचा निष्कर्ष काढू नका.

५.३ आता पंपिंग. डावा कप्पा भरला की त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त असतं. ठोक्याला ७० बाहेर जातं, ५० आत उरतं. हे झालं ५८ टक्के, अगदी नॉर्मल. शंभर टक्के कुणाचंच नसतं, तसं व्हायला कप्पा पुरता रिकामा व्हावा लागेल. पुरुषांत ५२ आणि बायकांत ५४ च्या पुढे ठीक. काल ६०, आज ५५ म्हणजे घसरण नव्हे, तेवढा फरक मोजणाऱ्याचा हात बदलला तरी पडतो. आणि जबर इन्फेक्शनमध्ये बीपी पडलेलं असताना ७५ आलं तर 'हार्ट एकदम दणकट' म्हणू नका. समोर अडथळाच उरला नाही की कप्पा सहज रिकामा होतो.

पंपिंग खरंच कमी असेल तर पुढचा शब्द बघा. सगळीकडून सारखं कमी, म्हणजे 'ग्लोबल हायपोकायनेशिया', असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज, तीव्र इन्फेक्शनचा परिणाम किंवा जुनं दुबळेपण. एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत भिंत हलत नसेल, म्हणजे 'आरडब्ल्यूएमए', तर हार्ट अटॅकचा विचार आधी. टोक फुगलेलं आणि तळ जोरात हलतोय असं चित्र, बहुतेक वयस्क बाईमध्ये, ताकोत्सुबोचं असू शकतं. तीव्र ताणाने होणारं हे दुबळेपण सहसा काही आठवड्यांत भरून येतं, पण ते म्हणण्याआधी हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत ना, हे बघावं लागतं.

काही रिपोर्टांत 'स्ट्रेन' किंवा 'जीएलएस' (स्नायू किती टक्के आखडतो त्याचं माप) असतो, उणे वीसच्या आसपास. उणे चिन्ह बघून घाबरू नका, आकुंचन असल्याने ते तसंच लिहितात. उणे १३ म्हणजे कमी, उणे २१ म्हणजे छान. चित्र धूसर असेल तर हा आकडा सोडून द्या.

५.४ हृदयाभोवतीचं पाणी. १० मिलिमीटरच्या आत कमी, २० च्या पुढे जास्त. पण धोका पाण्याच्या वेगाचा असतो. हळूहळू साठलेलं पुष्कळ पाणी माणूस सोसतो, दोन दिवसांत साठलेलं थोडंही बीपी पाडतं. 'आरए कोलॅप्स', 'टॅम्पोनाड' (पाण्याने हृदय दाबलं जातंय) हे शब्द दिसले तर घरी जायचं नाही.

५.५ या ओळी वाचून पुढे जा. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे हृदय सैलावण्यातला किरकोळ दोष, साठीच्या पुढे अर्ध्या गावाला निघेल. 'ट्रिव्हियल टीआर', 'ट्रिव्हियल एमआर', म्हणजे झडपांची नाममात्र गळती, तर धडधाकट माणसातही लिहून येतात. या ओळींसाठी मुंबई-पुण्याची वारी नको.

६. रिपोर्ट हातात आल्यावर

उजवा कप्पा ताणलेला, ऑक्सिजन अचानक घसरलेला, एका पायाची पोटरी सुजलेली: हे तिन्ही जुळलं तर फुप्फुसात गुठळी आहे का हे सीटी अँजिओने त्याच दिवशी बघायला हवं. इको संशय दाखवतो, गुठळी स्वतः क्वचितच दाखवतो.

थांबा: डी-डायमर वाढलाय म्हणून शेजाऱ्याची रक्त पातळ करायची गोळी सुरू करू नका. कुठल्याही इन्फेक्शनमध्ये डी-डायमर वाढतो.

दुसरा प्रसंग जास्त फसवा. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा. ताप उतरून आठच दिवस झालेले, सोळाशे मीटरच्या सरावात छातीत दुखलं. ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन वाढलेलं, आणि इकोत पंपिंग ५८. एके ठिकाणी त्याला सांगितलं गेलं, 'इको नॉर्मल आहे, पळ.' तो पळाला, आणि मैदानावर चक्कर येऊन बसला. नंतर हृदयाच्या एमआरआयमध्ये स्नायूला सूज दिसली. स्नायूदाह, म्हणजे मायोकार्डायटिस, एका कोपऱ्यात असेल तर पंपिंगचा आकडा हलत नाही. छातीत दुखणं, ईसीजी आणि ट्रोपोनिन हे तिन्ही एका बाजूला बोट दाखवत असतील तर नॉर्मल इकोने त्यांना गप्प करू नये.

७. पुन्हा इको कधी

पहिला इको नॉर्मल आणि त्रास नाही, तर पुन्हा नको. 'तीन महिन्यांनी एकदा' ही नुसती सवय आहे.

उजवी बाजू फुगली होती किंवा पंपिंग कमी होतं, तर घरी सोडण्यापूर्वी एकदा आणि साधारण तीन महिन्यांनी एकदा. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर.

मायोकार्डायटिस ठरला असेल तर ३ ते ६ महिने पळणं, जिम, कुस्ती, क्रिकेटची मॅच बंद. त्यानंतर इको, २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि डॉक्टर सांगतील तर ट्रेडमिल टेस्ट, आणि मगच मैदान. घरात चालणं-फिरणं कधीपासून, हे त्या-त्या पेशंटचे डॉक्टर सांगतील.

लहान मुलांचं गणित वेगळं. कोविडनंतर काही आठवड्यांनी ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटदुखी अशी लक्षणं घेऊन येणाऱ्या मुलांत हृदयाच्या धमन्या फुगू शकतात. त्यांचा इको निदानाच्या वेळी, मग १ ते २ आठवड्यांनी आणि पुन्हा ४ ते ६ आठवड्यांनी करतात. रिपोर्टमध्ये 'झेड स्कोअर' (मुलाच्या अंगाच्या मानाने धमनी किती रुंद, त्याचं माप) असायला हवा. २.५ किंवा वर म्हणजे धमनी फुगलेली. मुलाच्या उंची-वजनाशिवाय हा स्कोअर निघत नाही, तेव्हा त्याच दिवशी वजन करून न्या. मागच्या वर्षीचं शाळेच्या कार्डावरचं चालत नाही.

भरतीवाल्या मुलाचा दुसरा इको पाच महिन्यांनी झाला. पंपिंग पुन्हा ५८. कागद बघून त्याची आई म्हणाली, "तेवढंच आहे की." तिला पहिल्या कागदावरची नाडी दाखवली, ११८, आणि या कागदावरची, ७२. होल्टर आठवड्याने लावायचा होता. तो मात्र दारातूनच विचारत होता, शंभर मीटर तरी पळू का.